चित्राखालची चिठ्ठी

गेल्या नवरात्रातील ललितापंचमीची संध्याकाळ होती. त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटून आणि देवीची पालखी शहरात परतून बराच वेळ झाला होता, तरी महाद्वार रस्त्यावरील गर्दीचा गलबला आमच्या माडीपर्यंत ऐकू येत होता. अशा वेळी माझी भाची आपला संगणक उघडून माझ्यासमोर बसली. तिने व तिच्या मैत्रिणींनी काही वर्षांपासून एक चित्रदालन चालविले आहे. या दालनाला भिंती नाहीत आणि दाराशी रखवालदारही नाही. ज्याला ही मुले 'फॅन आर्ट' म्हणतात, म्हणजे कोणी मागितली म्हणून किंवा मोबदला मिळेल म्हणून न काढता, एखाद्या व्यक्तिरेखेवर, सिनेमावर अथवा देवतेवर जीव जडला म्हणून हौशी हातांनी काढलेली चित्रे, ती तेथे गोळा होतात, आणि कोल्हापूरच्या मुलांचे ते दालन असल्यामुळे त्यातील पुष्कळशी चित्रे साहजिकच अंबाबाईची असतात. प्रत्येक चित्राखाली शोधणाऱ्याच्या सोयीसाठी काही शब्द जोडायचे असतात. त्यांना टॅग म्हणतात. त्या संध्याकाळी तिच्यासमोर जे चित्र होते त्यात काळ्या पाषाणाची, चतुर्भुज, हातात म्हाळुंगाचे फळ धरलेली आणि पाठीशी सिंह असलेली स्त्री होती, व काढणाऱ्याने स्वतः खाली दोनच शब्द लिहिले होते : 'आमची आई'.

भाचीने विचारले, "मामा, हिला कुठल्या नावाखाली घालू? महालक्ष्मी, अंबाबाई, दुर्गा की लक्ष्मी? की चारही नावं लावू?"

प्रश्न वरवर कारकुनी होता, पण मला त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. एखाद्या रूपाला नाव देणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते रूप पूज्य असेल तर नाव देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या देशातील तत्त्वचिंतकांना दोन हजार वर्षे पुरून उरला आहे, आणि आता तो एका मुलीच्या पडद्यावर चार शब्दांची निवड होऊन उभा राहिला होता. पुढील विवेचन हे तिला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

जुन्या दरबारी दफ्तराची मांडणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना वर्गीकरणाची पहिली अडचण सांगावी लागणार नाही. मोडी कागद रुमालात बांधले जात, रुमालाला विषयाची वा सालाची चिठ्ठी असे, आणि एका कागदाला रुमाल एकच मिळे. एखाद्या सनदेत देवस्थानाचे इनाम, ओढ्याच्या पाण्याचा वाटा आणि दोन भावांचा तंटा असे तिन्ही विषय गुंतलेले असले, तरी दफ्तरदाराला ती कोणत्या तरी एकाच रुमालात घालणे प्राप्त असे, आणि उरलेल्या दोन विषयांचा शोध घेणारा मनुष्य पुढे शंभर वर्षांनी आला तर तो कागद त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा होई. टॅगाने ही अडचण दूर केली हे निर्विवाद आहे. एकच चित्र आता एकाच वेळी दहा रुमालांत राहू शकते. 'सिंह' शोधणाऱ्याला ते सापडते, 'म्हाळुंग' शोधणाऱ्याला सापडते, आणि 'जलरंग' शोधणाऱ्यालाही सापडते.

या सोयीच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी बारकाईने तपासले होते. अनेक गाईंना आपण 'गाय' म्हणतो ते त्या सर्वांत राहणाऱ्या गोत्व नावाच्या सामान्य धर्मामुळे, आणि हा धर्म त्यांच्या मते मनुष्याने कल्पिलेला नसून वस्तूतच असतो. या धर्माला ते जाति म्हणतात. परंतु जिभेवर येईल त्या प्रत्येक शब्दामागे अशी खरी जाति असतेच असे नाही, हे ओळखून दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी जातीला बाधक ठरणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या, आणि त्यांतील एक 'संकर' ही होय. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आढळतात आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडून राहतात, तेव्हा ते जाति मानता येत नाहीत. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी दोन्ही आहे. म्हणून भूतत्व व मूर्तत्व यांना जातीचा दर्जा नाकारून नैयायिकांनी त्यांची गणना उपाधीत केली. उपाधि खोटी असते असे नाही. ती व्यवहाराला उपयोगी पडते, वस्तूविषयी काहीतरी खरे सांगते, पण वस्तूचे स्वरूप सांगितल्याचा दावा तिला करता येत नाही. टॅग हे बहुतेक सर्व एकमेकांना छेदून जाणारे असतात, तेव्हा उदयनाचार्यांच्या कसोटीने ते उपाधीच ठरतात, आणि हे एकदा मान्य केले म्हणजे पुढचे पुष्कळ भांडण टळते.

आमच्याच शहरातील उदाहरण द्यायचे तर आबालाल रहिमान यांचे देता येईल. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यात जन्मून, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिलेल्या आणि रंकाळा व कोटितीर्थ यांच्या काठचा प्रकाश आयुष्यभर रंगवीत 1931 साली निवर्तलेल्या या चित्रकाराला 'दरबारी चित्रकार' म्हटले तर ते खरे आहे, 'निसर्गचित्रकार' म्हटले तर खरे आहे, 'मुसलमान चित्रकार' म्हटले तरी खोटे नाही. परंतु यांपैकी एकच शब्द लिहून थांबणाऱ्याने आबालाल यांच्यावर अन्यायच केला असे मी म्हणेन. बाबूराव मेस्त्री यांच्या बाबतीत तर उपाधीने आडनावाचीच जागा घेतली, आणि 1920 साली 'सैरंध्री' काढणारा तो थोर कलावंत आज बाबूराव पेंटर म्हणूनच सर्वांना ठाऊक आहे.

आता मूळ चित्राकडे येऊ. अशा दालनांत टॅगांची केवळ यादी नसते, त्यांचे आपसांत नातेही जोडलेले असते. दोन शब्द एकाच अर्थाचे असतील तर एकाला दुसऱ्याचा पर्याय ठरविता येते. आणि एक टॅग लावला की दुसरा आपोआप लागावा असा नियमही करता येतो. 'महिषासुरमर्दिनी' लिहिले की 'महिष' हा टॅग यंत्र स्वतःच जोडते. हा दुसरा नियम म्हणजे न्यायशास्त्रातील व्याप्तिच आहे : जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी. भाचीच्या दालनात मदतीला आलेल्या कोणा उत्साही सहकाऱ्याने मोठ्या सद्भावनेने एक साखळी घालून दिली होती : महालक्ष्मी म्हणजे लक्ष्मी, लक्ष्मी म्हणजे विष्णुपत्नी, आणि विष्णुपत्नी म्हणजे वैष्णव. परिणामी एका रात्रीत अंबाबाईची सारी चित्रे शेषशायी नारायणाच्या पायाशी बसलेल्या लक्ष्मीच्या चित्रांत मिसळून गेली, आणि 'शाक्त' या शब्दाखाली शोधणाऱ्याला कोल्हापूरचे एकही चित्र दिसेनासे झाले.

व्याप्ति मोडायला एक उलट उदाहरण पुरते, आणि येथे ते उदाहरण गाभाऱ्यातच उभे आहे. करवीरच्या मूर्तीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, खेटक म्हणजे ढाल, आणि पानपात्र आहे. मस्तकावर नाग, लिंग व योनी यांची चिन्हे सांगितली आहेत. पाठीशी सिंह आहे. हे वर्णन सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यातील महालक्ष्मीशी जुळते, आणि त्या रहस्यातील महालक्ष्मी ही कोणाची पत्नी म्हणून येत नाही. ती त्रिगुणात्मिका आद्या देवी आहे, तिच्यापासूनच महाकाली व महासरस्वती प्रकट होतात, आणि मंदिरात तिच्या दोन्ही बाजूंना त्याच दोघींची स्थाने आहेत. विश्वकर्मशास्त्राच्या नावाने चालत आलेल्या वचनांतही कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे ध्यान स्वतंत्रपणे सांगितलेले आढळते, व त्यात पात्र, गदा, खेटक व फळ यांबरोबर मस्तकावरील लिंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जुन्या शिल्पकारांच्या संप्रदायालाही हे नाव आणि ही मूर्ती यांची गफलत होऊ नये अशी काळजी वाटत होती.

तथापि गफलत सहज होण्यासारखी आहे, कारण ती नावातच आहे. अमरसिंहाने आपल्या कोशात देवतांचे पर्याय दिले तेव्हा पद्मालया, कमला, हरिप्रिया हे शब्द लक्ष्मीच्या ओळीत घातले, आणि दुर्गा, चंडिका, अंबिका हे पार्वतीच्या ओळीत घातले. आमच्या देवीला आम्ही 'महालक्ष्मी' म्हणतो तेव्हा ती पहिल्या ओळीच्या शेजारी जाते, आणि 'अंबाबाई' म्हणतो तेव्हा दुसऱ्या ओळीच्या. पुढे व्यवहारानेही दोन्ही नावे उचलून धरली. मुंबईहून येणारी गाडी महालक्ष्मी एक्सप्रेस, आणि तीतून उतरलेला यात्रेकरू रिक्षावाल्याला सांगतो, अंबाबाईच्या देवळाकडे घ्या. या मंदिरासंबंधी 2018 साली विधिमंडळाने जो कायदा केला त्याच्या नावातसुद्धा महालक्ष्मी लिहून अंबाबाई कंसात घालावी लागली. तिरुपतीहून दरवर्षी नवरात्रात देवीसाठी शालू येतो, त्यामागे ती व्यंकटेशाची रुसून आलेली पत्नी आहे अशी श्रद्धा आहे. आणि याच शहरात असे असंख्य लोक आहेत की ज्यांना हे नाते सांगितले तर आपल्या जगदंबेला कोणाची तरी पत्नी करून लहान केले असे मनापासून वाटते. 2015 साली मूर्तीवर रासायनिक संवर्धनाचे काम झाले, तेव्हा मस्तकावरील नागाविषयी शहरात जो वाद पेटला त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. एक चिन्ह पुसट झाले तर नावाचा एक साक्षीदार कमी होतो, हे सामान्य भाविकाला शास्त्र न वाचताही कळले होते.

माझे मत मी लपवीत नाही. ही देवी महालक्ष्मी आहे हे खरे, परंतु म्हणून ती विष्णुपत्नी लक्ष्मी आहे हे अनुमान सदोष आहे. नैयायिकांच्या भाषेत हेतू व्यभिचारी आहे, म्हणजे महालक्ष्मी हे नाव विष्णुपत्नीत्व नसतानाही आढळते. मूर्ती जे दाखविते ते शक्तीचे रूप आहे. तरीसुद्धा शालू घेऊन येणाऱ्याची भक्ती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि भाचीलाही नाही.

यात आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती मला सर्वांत मनोहर वाटते. नवरात्रात देवीची रोज निराळी अलंकारपूजा बांधतात. पंचमीला ती गजारूढ होऊन अंबारीत बसते, अष्टमीला महिषासुरमर्दिनी होते. दगड तोच, गाभारा तोच, श्रीपूजक तेच. बदललेले असते ते रूप, आणि पहाटेपासून रांगेत ताटकळणारा भाविक त्या दिवशी त्या रूपालाच हात जोडतो. या पूजांवरून काढलेली चित्रे दालनात येतात तेव्हा वर्गीकरण करणाऱ्याची खरी परीक्षा होते. हे चित्र अंबाबाईचे की महिषासुरमर्दिनीचे? अन्नंभट्टाच्या तर्कदीपिकेत लक्षणाचे तीन दोष गाईच्या उदाहरणाने समजावले आहेत : गाय म्हणजे कपिलवर्णाची म्हटले तर काही गाई बाहेर राहतात, शिंगे असलेली म्हटले तर म्हैस आत येते, आणि एका खुराची म्हटले तर एकही गाय सापडत नाही. अष्टमीच्या चित्राला केवळ 'अंबाबाई' म्हटले तर त्या दिवसाचे रूप बाहेर राहते, केवळ 'महिषासुरमर्दिनी' म्हटले तर वेरूळपासून महाबलीपुरमपर्यंतच्या साऱ्या मूर्ती आत येतात. 'लक्ष्मी' म्हटले तर मात्र तिसरा दोष घडतो, कारण हातात कमळ घेतलेली आणि सुवर्णमुद्रांची वृष्टी करणारी स्त्री त्या चित्रात मुळी नाहीच.

कोणी म्हणेल, हा सारा शब्दच्छल आहे. चित्राखाली काहीही लिहिले म्हणून देवीचे काय बिघडते? देवीचे काही बिघडत नाही, पण आपल्या डोळ्यांचे बिघडते, आणि ते पूर्वी एकदा बिघडलेही आहे. 1894 साली राजा रविवर्म्याचा छापखाना घाटकोपरला सुरू झाला आणि कमळावर उभी असलेली, दोन हातांत कमळे घेतलेली, शेजारी हत्ती असलेली लक्ष्मी घरोघरच्या भिंतींवर गेली. ते चित्र सुंदर आहे याबद्दल वाद नाही. परंतु त्याखाली छापलेले नाव आणि आमच्या देवीचे नाव यांच्यात साम्य असल्यामुळे कोल्हापूरपासून दूर राहणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांच्या मनात 'महालक्ष्मी' म्हणताच तेच रूप उभे राहते, आणि ते पहिल्यांदा देवळात येतात तेव्हा पितांबराआड झाकलेली गदा व ढाल त्यांच्या कल्पनेतही नसते. आता तर शब्दावरून चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. ही यंत्रे आपली चित्रविद्या शिकतात ती चित्रे व त्यांखालचे शब्द यांच्या कोट्यवधी जोड्यांवरून. त्यांना गाभारा ठाऊक नाही, म्हाळुंगाचा अर्थ ठाऊक नाही, त्यांना फक्त चिठ्ठी ठाऊक आहे. आज आपण चिठ्ठीवर जे लिहू तेच उद्याच्या यंत्राला देवीचे रूप वाटेल, आणि चुकीच्या व्याप्तीने लिहिलेल्या हजार चिठ्ठ्यांमधून निघालेल्या देवीच्या पाठीशी सिंह असणार नाही.

येथे मला छांदोग्याच्या सातव्या अध्यायातील नारदाची आठवण होते. तो सनत्कुमाराकडे शिकायला जातो आणि आपण काय काय शिकलो याची यादी देतो : चारही वेद, इतिहासपुराण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या. ती यादी वाचताना एखाद्या समृद्ध दालनाची टॅगसूची वाचावी असे वाटते. सनत्कुमार त्याला सांगतो की हे सारे नावच आहे. पण तो नावाला तुच्छ लेखीत नाही. नावाची उपासना कर म्हणतो, आणि मग नावाहून थोर काय ते पायरीपायरीने दाखवितो. उपनिषदाची ही सौम्यता मला फार मोलाची वाटते. नाव ही पहिली पायरी आहे, तिच्यावर पाय ठेवल्याखेरीज वर जाता येत नाही, आणि तिच्यावरच बसून राहिले तरी जाता येत नाही.

भक्ताच्या तोंडी नावाचे आणखी एक कार्य असते, आणि ते वर्गीकरण करणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. व्याकरणात संबोधन व निर्देश यांत भेद आहे. 'आई घरात आहे' या वाक्यात आई हा शब्द एका व्यक्तीकडे बोट दाखवितो. दारातून मारलेल्या 'आई!' या हाकेत तो कोणाकडेही बोट दाखवीत नाही, तो हाक मारणाऱ्याला आणि जिला हाक मारली तिला एकत्र आणतो. त्या चित्रकाराने लिहिलेले 'आमची आई' हे दोन शब्द अशा हाकेच्या जातीचे आहेत. सूची करणारा त्यांच्याकडे निर्देश म्हणून पाहतो, आणि मग त्याला ते निरुपयोगी वाटतात, कारण आई सर्वांनाच असते व त्या शब्दाने शोध लागत नाही. म्हणून तो ते पुसतो आणि त्या जागी शास्त्रशुद्ध नाव लिहितो. मला वाटते, या एका कृतीत तो जेवढे गमावतो तेवढे चुकीच्या व्याप्तीनेही गमावत नाही. चुकीचा नियम दुरुस्त करता येतो, पुसलेली हाक परत मिळत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो चाहत्यांच्याच एका जगड्व्याळ संग्रहाने अमलात आणला आहे. 2008 साली स्थापन झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संग्रहात लेखकाने वा चित्रकाराने आपल्या कृतीला कोणताही शब्द जोडला तरी तो तसाच राहतो. स्वयंसेवकांची एक फळी पडद्याआडून समानार्थी शब्द शोधून त्यांना एका प्रमाण शब्दाशी बांधते, आणि शोधणाऱ्याला त्या प्रमाण शब्दावरून सारे सापडते. मूळ शब्दाचे एक अक्षरही बदलले जात नाही. 2019 साली या संग्रहाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. परदेशातील या निनावी कारकुनांविषयी मला खरोखर आदर वाटतो. लेखकाच्या शब्दाला हात न लावता त्याच्याभोवती व्यवस्था उभी करणे हे चांगल्या पाठसंपादकाचे व्रत आहे, आणि ते त्यांनी विनावेतन पाळले आहे.

भाचीला मी अखेर एवढेच सुचविले की चित्राखाली तीन रकाने करावेत आणि त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. पहिल्यात काढणाऱ्याचे स्वतःचे शब्द, जसेच्या तसे. दुसऱ्यात डोळ्यांना दिसते तेवढेच : चतुर्भुज, म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र, सिंह, प्रत्यक्षाच्या पलीकडे एक अक्षर नाही. तिसऱ्यात परंपरा सांगते ते, आणि तेथे महालक्ष्मी, अंबाबाई, शक्ती, विष्णुपत्नी ही सर्व नावे शेजारी शेजारी, कोणाचे म्हणणे कोणते हे लिहून; एकातून दुसरे आपोआप निघेल असा नियम मात्र कोठेही नाही. तिला हे पटले. तिने त्याच रात्री ती साखळी तोडली, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना घेऊन एकेक चित्र पुन्हा उघडून पाहायला बसली.

या वर्षीच्या नवरात्रात जी मुले-मुली देवीची चित्रे काढतील आणि जे कोणी ती मांडून ठेवतील, त्यांना माझी विनंती आहे : टॅग लिहिण्यापूर्वी एकदा देवळात जाऊन या, गर्दी असली तरी रांगेत उभे राहा, आणि मूर्तीच्या उजव्या खालच्या हातात काय आहे ते स्वतः पाहून मग लिहा.